‘पडला’ एवढीच नोंद : बालकांच्या इजांच्या विश्लेषणाचा आराखडा आखताना

बालकांना होणाऱ्या शारीरिक इजांचा अभ्यास हाती घेणाऱ्याला आकड्यांकडे वळण्याआधी शब्द निवडावा लागतो, कारण या विषयासाठी मराठीत सहज तोंडी येणारा शब्द ‘अपघात’ हा आहे आणि घडले त्यावर कोणाचा इलाज नव्हता, असा अर्थ त्या शब्दाच्या पोटातच आहे. चूल जमिनीवर मांडलेली असते, रांगणारे मूल तिच्याजवळ जाते, उकळत्या डाळीचे पातेले कलंडते आणि घरातली माणसे नशिबाला बोल लावतात. वस्तुतः चुलीची उंची, मुलाचे वय, पातेल्याची डगमगती बैठक आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या मदतीला दुसरे कोणी नसणे या चारही गोष्टी त्या दिवसाच्या कितीतरी आधीपासून घरात हजर असतात. याच विचाराने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकाने २००१ मध्ये ‘अ‍ॅक्सिडेंट’ हा शब्द आपल्या पानांवरून वर्ज्य करण्याचे जाहीर केले. सार्वजनिक आरोग्यशास्त्रात त्याऐवजी ‘इजा’ ही संज्ञा वापरली जाते आणि तिची व्याख्या ऊर्जेच्या परिभाषेत केली जाते : यांत्रिक, औष्णिक, विद्युत, रासायनिक किंवा किरणोत्सर्गी ऊर्जा शरीराला सोसवेल त्याहून अधिक प्रमाणात एकाएकी शरीरावर येऊन आदळली, अथवा प्राणवायूसारखी जगण्यास आवश्यक गोष्ट एकाएकी मिळेनाशी झाली, तर शरीराचे जे नुकसान होते ती इजा. भाजणे, बुडणे, चुकून रॉकेल पिणे, विंचू चावणे, श्वासनलिकेत शेंगदाणा अडकणे आणि रस्त्यावर वाहनाची धडक बसणे या एरवी परस्परांशी संबंध नसलेल्या वाटणाऱ्या घटना या व्याख्येमुळे एका विचाराखाली येतात.

महाराष्ट्रातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या रुग्णालयाच्या नोंदींवरून अठरा वर्षांखालील मुलांच्या इजांचे विश्लेषण करण्याचा आराखडा एका लहान अभ्यासगटाने तयार केला. त्या आखणीत जे समजले, जे चुकले आणि जे बदलावे लागले त्याचा विचार येथे केला आहे. विषयाचे महत्त्व वादातीत होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालकांच्या इजांविषयीच्या जागतिक अहवालात दरवर्षी ८ लाख ३० हजारांहून अधिक मुले अजाणता झालेल्या इजांनी मरण पावतात आणि त्यांतील ९५ टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, असे म्हटले होते. तरीही लसीकरणासाठी किंवा कुपोषणासाठी जशा नियमित नोंदी ठेवल्या जातात तशा मुलांच्या इजांसाठी ठेवल्या जात नाहीत, म्हणून रुग्णालयात आधीच साठलेल्या कागदांतून काय हाती लागते ते पाहावे, असा या कामाचा साधा हेतू होता.

आराखड्याचा पहिला मसुदा सदोष निघाला आणि त्याचा दोष शिकण्यासारखा होता. त्यात संगणकाच्या तक्त्यात भरायच्या रकान्यांची मोठी यादी होती : वय, लिंग, गाव, इजेची वेळ, ठिकाण, त्या वेळी मूल काय करत होते, सोबत कोण होते, कोणत्या वस्तूमुळे इजा झाली, उपचार, मुक्काम, परिणाम. अभिलेख विभागात, ज्याला रुग्णालयातले सगळे ‘रेकॉर्ड रूम’ म्हणतात तेथे, रुमालात बांधलेले गठ्ठे सोडून काही केसपेपर वाचले गेले तेव्हा यादीतले मधले चार-पाच रकाने, म्हणजे नेमके प्रतिबंधासाठी ज्यांची गरज असते तेच, कोरे राहतात असे दिसून आले. याचा दोष लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरांवर टाकणे अन्यायाचे ठरले असते. केसपेपर लिहिला जातो तो पुढच्या पाळीतल्या डॉक्टरने उपचार कसा चालू ठेवावा हे कळण्यासाठी. एमएलसीची नोंद, म्हणजे पोलिसांना कळवणे आवश्यक अशा न्यायवैद्यक प्रकरणाची नोंद, होते ती उद्या न्यायालयात साक्ष द्यावी लागली तर कागद हाताशी असावा म्हणून. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचे कागद भरले जातात ते खर्चाची मंजुरी मिळावी म्हणून. मुलाला इजा का झाली आणि ती कशी टळली असती, या प्रश्नासाठी यांतला एकही कागद जन्माला आलेला नाही. त्यामुळे आराखड्याच्या दुसऱ्या मसुद्याची सुरुवात वेगळ्या प्रकारे झाली : प्रत्येक नोंदवही कोणी, कोणासाठी, कोणत्या घाईत आणि कोणत्या भीतीपोटी लिहिली, याचे एकेक टिपण आधी करण्यात आले आणि रकाने त्यानंतर ठरले.

‘पडला’ या एका शब्दावर या कामातला सर्वाधिक वेळ गेला, आणि तो योग्य ठिकाणी गेला असे मानण्यास जागा आहे. केसपेपरावर इंग्रजीत ‘हिस्टरी ऑफ फॉल’ आणि न्यायवैद्यक प्रकरण असेल तर ‘अलेज्ड हिस्टरी ऑफ फॉल’, म्हणजे ‘पडल्याचे सांगतात’, एवढे लिहून वाक्य संपते, आणि लगेच खाली हाड कोठे मोडले, शुद्ध हरपली होती काय, उलटी झाली काय याचे तपशील सुरू होतात. परंतु मूल पडते ते पाळण्यातून, साडीच्या झोळीतून, खाटेवरून, ओट्यावरून, कठडा नसलेल्या जिन्यावरून, पतंग उडवताना गच्चीवरून, चिंचेच्या वा आंब्याच्या झाडावरून, उसाच्या ट्रॉलीवरून, बैलगाडीच्या साटीवरून, बांधकामाच्या दुसऱ्या मजल्यावरून, आणि यांतील प्रत्येक पडण्याचा उपाय निराळा आहे. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत हा भेद करण्याची सोय आहे. त्या वर्गीकरणाचे एकोणिसावे प्रकरण इजेचे स्वरूप सांगते, म्हणजे कोणते हाड मोडले किंवा किती भाजले, आणि विसावे प्रकरण इजेचे बाह्य कारण सांगते, म्हणजे ते कशामुळे घडले. एका मुलाची नोंद पूर्ण होण्यासाठी दोन्ही प्रकरणांतून एकेक संकेतांक घ्यावा लागतो. बिछान्यावरून पडणे डब्ल्यू ०६, जिन्यावरून पडणे डब्ल्यू १०, इमारतीवरून पडणे डब्ल्यू १३, झाडावरून पडणे डब्ल्यू १४ असे स्वतंत्र संकेतांक आहेत. आणि ज्या पडण्याविषयी काहीच ठाऊक नाही त्याच्यासाठी डब्ल्यू १९ आहे. केवळ ‘पडला’ लिहिलेला प्रत्येक केसपेपर या शेवटच्या संकेतांकात जाऊन बसतो, आणि मग वर्षअखेरीच्या तक्त्यात पडण्याने झालेल्या इजांचा मोठा आकडा दिसतो खरा, पण त्या आकड्यावरून कठडा बांधावा की झोळी उंच बांधू नये असे सांगावे, हे कोणालाही ठरवता येत नाही.

काही इजा अशा आहेत की ज्यांचे नाव रुग्णालयातल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि तरीही वर्गीकरणात त्यांची जागा चटकन सापडत नाही. सायकलच्या वा मोटारसायकलच्या मागे बसवलेल्या मुलाचा पाय चाकाच्या आऱ्यांत अडकून टाच सोलवटते. अस्थिरोग विभागात तिला ‘स्पोक इंज्युरी’ असे थेट नाव आहे. वर्गीकरणाच्या दृष्टीने ती वाहतुकीची पण धडकेविना झालेली इजा ठरते आणि सायकल असेल तर व्ही १८ व मोटारसायकल असेल तर व्ही २८ या संकेतांकांखाली जाते, जेथे वाहन घसरून पडलेले स्वारही तिच्या शेजारी असतात. चाकाला जाळी बसवली की ही इजा टळते, इतका तिचा उपाय हाताशी आहे. परंतु संकेतांकांच्या ढिगातून ती पुन्हा वेगळी काढता येत नसल्याने अभ्यासगटाने अशा इजांसाठी आंतरराष्ट्रीय संकेतांकाच्या जोडीला स्वतःचा एक स्थानिक संकेतांक ठेवला. कडबाकुट्टीत गेलेला हात, विळीवर पडून झालेली जखम, अंघोळीच्या कढत पाण्याची बादली अंगावर उलटणे, शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवलेले रॉकेल वा कीटकनाशक पिणे, खेळण्यातली बटणासारखी बॅटरी गिळणे, यांनाही तसेच स्थानिक संकेतांक मिळाले. शेवटच्या इजेच्या बाबतीत ‘बाह्य वस्तू गिळली’ एवढे लिहून भागत नाही, कारण गिळलेले नाणे पुष्कळदा काही न करता निघून जाते, तर अन्ननलिकेत अडकलेली अशी बॅटरी दोन तासांतच अन्ननलिकेला गंभीर इजा करू शकते, आणि दोन्ही एकाच रकान्यात घालणारा तक्ता पालकांची दिशाभूल करतो.

कारण कोठे लिहिलेले असते आणि कोठे नसते, यातही एक क्रम होता आणि तो लक्षात आला नसता तर सारे विश्लेषण तिरपे झाले असते. एमएलसीच्या नोंदीत ठिकाण आणि घटना यांचा तपशील केसपेपरापेक्षा अधिक सापडतो, कारण पोलिसांना हद्द ठरवावी लागते. परिचारिकांच्या टिपणांतही आईने सांगितलेली हकिगत एखाद्या ओळीत उतरलेली असते. याउलट घरातल्या घरात पडलेल्या लहानग्याचे प्रकरण पोलिसांकडे सहसा जात नाही आणि म्हणून त्याचे कारणही कागदावर येत नाही. याचा अर्थ असा की, ज्या नोंदींत कारण लिहिलेले आहे केवळ त्याच घेऊन टक्केवारी काढली तर रस्ता, विष आणि मारामारी यांचा वाटा फुगतो व घर आकसते. संख्याशास्त्रात याला ‘यादृच्छिक नसलेली उणीव’ म्हणतात : माहिती नसणे हेच त्या माहितीच्या प्रकाराशी बांधलेले असते आणि म्हणून उरलेल्या माहितीवरून गहाळ माहितीचा अंदाज बांधता येत नाही. आराखड्यात त्यासाठी असा नियम घालण्यात आला की, ‘कारण नोंदलेले नाही’ हा प्रत्येक तक्त्यातील स्वतंत्र गट राहील, तो इतर गटांत वाटून टाकला जाणार नाही आणि त्याचे प्रमाण विभागवार व वयोगटवार छापले जाईल. हा नियम दिसायला मामुली आहे, पण तो नसता तर पुढचे काहीच विश्वसनीय राहिले नसते. नोंदींचे वाचन वाचणाऱ्यावर अवलंबून राहू नये म्हणून काही कागद दोन वाचकांनी परस्परांना न विचारता संकेतबद्ध करावेत आणि त्यांच्यातील एकमत जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेल्या ‘कापा’ या मापाने मोजावे, असेही ठरले. निव्वळ योगायोगाने किती एकमत झाले असते ते वजा करून उरलेले एकमत हे माप सांगते.

रिकाम्या तक्त्यांची पद्धत या आखणीत सर्वाधिक उपयोगी पडली. नोंदी गोळा करण्याआधी अहवालात जे तक्ते छापायचे ते शीर्षकांसह, ओळी व रकान्यांसह, पण आकड्यांविना काढायचे आणि प्रत्येक तक्त्याखाली ‘हा तक्ता पाहून कोण काय करील?’ या प्रश्नाचे उत्तर लिहायचे, अशी ती पद्धत आहे. ज्या तक्त्याखाली उत्तर लिहिता आले नाही तो गाळण्यात आला. तक्त्यांची मांडणी ठरवताना विल्यम हॅडन यांच्या चौकटीचा आधार घेतला गेला. अमेरिकेत राष्ट्रीय महामार्ग सुरक्षेच्या कार्यालयाचे पहिले प्रमुख झालेल्या या वैद्याने इजेचे तीन काळ केले, घटनेपूर्वीचा, घटनेच्या वेळचा आणि घटनेनंतरचा, व प्रत्येक काळात व्यक्ती, इजा करणारी वस्तू आणि परिसर यांचा वेगवेगळा विचार केला. त्यामुळे ‘आईचे लक्ष नव्हते’ हे एकच उत्तर पुरेसे राहत नाही आणि बाटलीचे झाकण, विहिरीचा कठडा, रुग्णवाहिका पोहोचण्यास लागलेला वेळ हेही प्रश्नात येतात. अशा नोंदींनी काय साधते याचा दाखला न्यूयॉर्क शहराने दिला आहे. इमारतींच्या खिडक्यांतून मुले पडून दगावतात हे तेथील आरोग्य विभागाने नोंदींवरून ओळखले, १९७२ मध्ये ब्राँक्स भागात खिडक्यांना मोफत गज बसवण्याची मोहीम सुरू केली आणि १९७६ मध्ये लहान मुले राहत असलेल्या घरांच्या खिडक्यांना गज लावणे घरमालकांना बंधनकारक झाले. ‘पडला’ एवढ्यावर थांबलेल्या नोंदीतून ही मोहीम निघाली नसती. ‘खिडकीतून’ हा शब्द कोणीतरी लिहिला होता.

नोंदी कोठे शोधायच्या हा प्रश्न वाटला तितका सोपा नव्हता. बालरोग विभागात बहुधा बारा वर्षांपर्यंतची मुले दाखल होतात, म्हणून तेरा वर्षांचा मुलगा मोठ्यांच्या कक्षात सापडतो. मोडलेले हाड अस्थिरोग विभागात, भाजलेले मूल जळीत कक्षात, नाकात मणी घालून घेतलेले मूल कान-नाक-घसा विभागात आणि फटाक्याने डोळ्याला इजा झालेले मूल नेत्र विभागात जाते. ज्यांना दाखल करावे लागत नाही ती मुले तर केवळ अपघात विभागाच्या किंवा ड्रेसिंग रूमच्या वहीत एका ओळीपुरती उरतात. उलट एकच मूल ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा रुग्णालयात, तेथून वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले जाते, टाके काढायला आणि प्लास्टर कापायला पुन्हा येते, आणि दर वेळी नवा क्रमांक घेते. मोजायची असते इजा, आणि मोजली जाते भेट. एकाच मुलाच्या नोंदी जुळवण्यासाठी नावावर भिस्त ठेवावी लागते आणि तेथे आपल्याकडील नावांच्या रीती आडव्या येतात. बारसे न झालेले बाळ ‘बेबी ऑफ’ असे लिहून आईच्या नावाने नोंदले जाते आणि पुढच्या खेपेस स्वतःच्या नावाने येते. कोठे आडनाव आधी, कोठे शेवटी. ‘व’ या अक्षरासाठी एक कारकून व्ही लिहितो तर दुसरा डब्ल्यू. उच्चारसाम्यावरून नावे जुळवणारी ‘साउंडेक्स’ नावाची जुनी पद्धत नावाचे पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवते, त्यामुळे ‘वैशाली’ची दोन रोमन रूपे तिच्या लेखी दोन निराळ्या मुली ठरतात. म्हणून नाव, वय, गाव, इजेची तारीख आणि वडिलांचे नाव यांना वेगवेगळे वजन देऊन जुळणीची शक्यता काढावी, आणि शंकास्पद जोड्या माणसाने डोळ्यांनी पाहाव्यात, असे ठरवण्यात आले. वयाच्या रकान्यात नुसता ‘२’ असेल तर तो दोन वर्षांचा की दोन महिन्यांचा, हे वजनाच्या नोंदीवरून ओळखावे लागते; त्यासाठी वजनाचा रकाना वाढवला गेला, जो पहिल्या मसुद्यात कोणालाच सुचला नव्हता.

मात्र नोंदींत जे नाही ते अधिक भयंकर आहे. शेततळ्यात किंवा विहिरीत बुडालेले मूल बहुतेक वेळा रुग्णालयात दाखल होतच नाही. ते मृतावस्थेत आणले जाते आणि शवविच्छेदनाच्या नोंदीत जाते, किंवा तेथेही न येता पोलीस ठाण्याच्या अकस्मात मृत्यूच्या वहीत राहते. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये सुरू झाल्यानंतर कोरडवाहू गावांच्या शिवारात पाणी दिसू लागले, आणि त्या पाण्याने शेतकऱ्याला आधार दिला यात शंका नाही. परंतु तळाला व काठाला अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही, आणि जेथे कुंपण नाही व दोर बांधलेला नाही तेथे आत उतरलेल्या मुलाला धरण्यासाठी काहीच सापडत नाही. केवळ आंतररुग्णांच्या नोंदींवर आधारलेला अहवाल या जिल्ह्यात बुडण्याचा प्रश्न किरकोळ आहे असे सांगेल, आणि तो वाचणारा अधिकारी कुंपणाचा खर्च अनावश्यक मानील. येथे चुकीच्या विश्लेषणाची किंमत मुलांच्या जिवात मोजावी लागते. हाडवैद्याकडे गेलेले मूल, साप चावल्यावर आधी मांत्रिकाकडे नेलेले मूल, वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेलेले मूल आणि खाजगी दवाखान्यात टाके घातलेले मूल हीदेखील या वहीबाहेरचीच. म्हणून आराखड्यात शवविच्छेदनगृहाची वही आणि पोलिसांकडील अकस्मात मृत्यूच्या नोंदी हे दोन स्रोत जोडले गेले. दोन अपुऱ्या याद्या एकमेकींशी ताडून दोन्हींतून निसटलेल्यांचा अंदाज काढण्याची रीत भारतीय संख्याशास्त्राला परकी नाही, सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथील जन्ममृत्यूच्या नोंदींवर ती वापरून दाखवली होती. दुसऱ्या यादीतील जितका अंश पहिल्या यादीत सापडतो तितकी पहिली यादी पूर्ण आहे, असे ही रीत मानते, पण त्यासाठी दोन्ही याद्या परस्परांवर अवलंबून नसाव्या लागतात. रुग्णालयच पोलिसांना कळवत असल्याने ही अट येथे पुरती पाळली जात नाही, आणि असा अंदाज खऱ्या संख्येपेक्षा कमीच येईल, हे आराखड्यात आधीच लिहून ठेवणे प्रामाणिकपणाचे होते.

दर काढण्याच्या मोहालाही आवर घालावा लागला. दर म्हणजे ठरावीक लोकसंख्येमागे ठरावीक काळात झालेल्या इजा. त्यासाठी वर अंश लागतो तसा खाली छेदही लागतो, आणि ज्या रुग्णालयात चार तालुक्यांतून, शेजारच्या जिल्ह्यांतून आणि हंगामात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांतून मुले येतात त्याचा छेद कोणता हे सांगता येत नाही. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे हाताशी असलेली मुलांची संख्या २०११ ची आहे. शिवाय रुग्णालयात आलेल्यांतच तुलना केली की खोटे संबंध उगवतात, हे जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्येच दाखवले आहे : दोन गोष्टींपैकी प्रत्येक जर माणसाला रुग्णालयात आणत असेल, तर बाहेरच्या जगात त्यांचा काही संबंध नसतानाही रुग्णालयाच्या आत तो दिसू लागतो. म्हणून अमुक इजेचा धोका अमुक मुलांना इतक्या पटीने अधिक, असे वाक्य अहवालात कोठेही येणार नाही, असे ठरले. काळाच्या बाबतीत पूर्ण वर्षे घ्यावीत, कारण संक्रांतीचा मांजा, मे महिन्याच्या सुट्टीतल्या विहिरी, पावसाळ्यातले साप आणि ऊसतोडीचा हंगाम हे सारे वर्षभर विखुरलेले असते. २०२० आणि २०२१ ही टाळेबंदीची वर्षे वेगळी काढावीत. आणि दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात येत असल्याने फटाक्यांच्या इजा इंग्रजी महिन्यांवर न बसवता लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या व नंतरच्या दिवसांवर बसवाव्यात, असेही नियम झाले.

हेतूच्या रकान्याविषयी मात्र सर्वाधिक सावधगिरी बाळगावी लागली. इजा अजाणता झाली, स्वतःहून करून घेतली की दुसऱ्याने केली, हे वर्गीकरण कागदावर दिसते ते कायद्याच्या सावलीत लिहिलेले असते. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरण्याची तरतूद केली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते सरसकट कलम उरलेले नाही. पण जुन्या केसपेपरांतील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचे ‘चुकून औषध प्यायले’ हे वाक्य वाचताना, ते सांगणाऱ्या आईबापांना पोलिसांची आणि गावाची किती धास्ती असेल याचा विचार वाचकाने केलाच पाहिजे. तसेच अगदी लहान बाळाच्या मांडीचे हाड मोडलेले असावे आणि हकिगत मात्र खाटेवरून पडल्याची असावी, हा विसंवाद हेन्री केम्प यांनी १९६२ मध्ये ‘मारहाण झालेल्या बालकाची लक्षणे’ म्हणून वैद्यकासमोर ठेवला होता. अभ्यासगटाने येथे न्यायाधीश व्हायचे नाही असे ठरवले : कागदावरचा हेतू जसा आहे तसा घ्यायचा, हकिगत आणि इजा यांत विसंगती असेल तर तिची स्वतंत्र खूण करायची, आणि ‘हेतू अनिश्चित’ या गटाचा वापर संकोच न करता करायचा. लैंगिक अत्याचाराची नोंद आढळली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवली गेली आहे किंवा नाही हे पाहण्याची जबाबदारी कोणाची, हेही नैतिक समितीसमोर आधीच मांडण्यात आले.

इजेची तीव्रता मोजण्यासाठी सुसान बेकर यांचे १९७४ चे गुणांकन घेता आले असते, पण त्यासाठी लागणारे तपशील जुन्या कागदांत मिळत नाहीत, म्हणून मुक्कामाचे दिवस, शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता कक्ष या ढोबळ खुणांवर समाधान मानावे लागले. भाजण्याच्या टक्केवारीबाबत मात्र एक दुरुस्ती अटळ होती. प्रौढांसाठीच्या ‘नवाच्या नियमात’ डोके शरीराच्या नऊ टक्के धरले जाते, तर लंड आणि ब्राउडर यांनी १९४४ मध्ये तयार केलेल्या आकृतीनुसार तान्ह्या बाळाचे डोके जवळजवळ १९ टक्के भरते. तेव्हा टक्केवारी कोणत्या रीतीने काढली हे लिहिलेले नसलेल्या नोंदी एकत्र करून सरासरी काढू नये, असा निर्णय झाला.

मुलांची नावे काढून टाकली की गोपनीयता जपली जाते, हा समजही टिकला नाही. लहान गावात त्या वर्षी विंचू चावून दगावलेला एकच सहा वर्षांचा मुलगा असतो आणि तक्त्यात गाव, वय व कारण एकत्र आले की गावातला प्रत्येक जण त्याला ओळखतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे ओळख पुसलेल्या जुन्या नोंदींसाठी संमतीतून सूट देण्याची मुभा नैतिक समितीला देतात, परंतु ओळख पुसली गेली आहे याची खात्री संशोधकाने करायची असते. म्हणून गावाऐवजी तालुका घ्यावा आणि पाचपेक्षा लहान संख्या छापू नये, असे बंधन घालून घेण्यात आले.

काळजीपूर्वक लिहिलेल्या नोंदीने काय घडते हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी विंचू चावलेल्या रुग्णांच्या खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम आणि हातापायांचा गारठा यांची तासातासाने निरीक्षणे टिपली. ती १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि लाल विंचवाचे विष हृदयावर कसे घाला घालते हे ध्यानी घेऊन पुढे प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ झाला, ज्यामुळे कोकणात एरवी दगावली असती अशी कितीतरी मुले वाचली. तेथे उपकरणे फारशी नव्हती. कागद होता, आणि काय टिपायचे याची स्पष्ट जाणीव होती.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार रुग्णालयात मृत्यू झाला की मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र नमुना ४ मध्ये द्यावे लागते, आणि त्या नमुन्यात इजा कशी झाली असा प्रश्न छापलेला आहे. जिवंत आलेल्या मुलाच्या ज्या केसपेपरांवर हा आराखडा उभा राहिला त्यांत तसा छापील प्रश्न नव्हता. अपघात विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि केसपेपर छापून घेणाऱ्या अधिकाऱ्यांना म्हणून एवढीच विनंती आहे की, पुढच्या छपाईत पहिल्या पानावर एक ओळ मोकळी ठेवावी, तिच्यावर ‘कोठे, काय करताना, कशामुळे’ हे तीन प्रश्न छापावेत, आणि मुलाला घेऊन आलेल्या आईने जे सांगितले ते तिच्याच मराठी शब्दांत तेथे लिहावे.